वाचनालयाच्या नोंदी, मुक्त सॉफ्टवेअर आणि ‘फुकट’ या शब्दाने घातलेला घोळ

कार्यवाह_पंचवटी यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूला असलेल्या एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. आमच्याकडे सुमारे १४,००० पुस्तके आहेत. त्यांची दाखल नोंद, सभासदांची यादी, अनामत आणि वर्गणी असे सगळे १२ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या व्यावसायिकाकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये भरलेले आहे. त्या गृहस्थांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला. प्रोग्रॅम एका जुन्या संगणकावरच चालतो, तोही डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली) लावलेला असेल तरच, आणि गेल्या पावसाळ्यात त्या डोंगलने दोनदा दगा दिला तेव्हा चार-चार दिवस आम्ही पुस्तकांची देवघेव कोऱ्या वहीत लिहून केली.

कार्यकारी मंडळाच्या सभेत एका तरुण सभासदाने मुक्त सॉफ्टवेअर वापरावे असे सुचवले. त्यावर आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी, फुकटचे दिसले की आपली माणसे धावतात आणि मोडले की कोणीच जबाबदार नसतो, असे म्हणून विषय बाजूला ठेवला. दुसऱ्या एका सदस्यांनी तर मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या संस्थापकांना, रिचर्ड स्टॉलमन यांना, काही वर्षांपूर्वी राजीनामा द्यावा लागला होता याची आठवण करून दिली आणि अशा माणसाच्या विचारावर संस्था कशी सोपवायची असे विचारले. मला दोन्ही आक्षेपांना नीट उत्तर देता आले नाही. आमच्यापैकी एकालाही प्रोग्रॅम लिहिता येत नाही. अशा माणसांना ‘स्रोतसंहिता पाहण्याचे स्वातंत्र्य’, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर पाहण्याचे स्वातंत्र्य, मिळाले तर त्याचा नेमका उपयोग काय, हे कोणी समजावून सांगेल का?

तांबटआळी यांचे उत्तर

कार्यवाह महोदय, आपल्या विश्वस्तांची शंका रास्त आहे, पण ती वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ बसतात, त्यामुळे स्टॉलमन यांना गेली चाळीस वर्षे प्रत्येक भाषणात ‘हा विषय किमतीचा नाही’ असे सांगत फिरावे लागले आहे. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द वेगळे असूनही आपण तोच घोळ घालतो, याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांनी स्वतः १९८५ च्या सुमारास आपला ईमॅक्स हा संपादक प्रोग्रॅम चुंबकीय फितीवर घालून १५० डॉलरना विकला होता आणि त्यावर आपला चरितार्थ चालवला होता. मात्र ज्याने ती फीत विकत घेतली, त्याला तिच्या प्रती काढून वाटण्याची, आतले बदलण्याची आणि बदललेले पुन्हा वाटण्याची पूर्ण मोकळीक होती.

या विचाराचे मूळ एका छपाईयंत्रात आहे आणि ती हकीकत आपल्या डोंगलशी फार जुळणारी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या, जिथे स्टॉलमन नोकरी करत, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवा लेसर प्रिंटर भेट दिला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांची छपाई रांगेत आहे त्या सगळ्यांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी दुरुस्ती स्टॉलमन यांनी पूर्वी स्वतः केली होती. तीच सोय त्यांना नव्या यंत्रातही हवी होती, पण त्याचा प्रोग्रॅम फक्त यंत्राला वाचता येईल अशाच रूपात आला होता. मूळ संहिता ज्यांच्याजवळ होती त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गृहस्थांकडे ते गेले, तर ‘कोणाला देणार नाही असे मी लिहून दिले आहे’ असे उत्तर मिळाले. दुरुस्ती करणारा हजर, दुरुस्त करण्याची इच्छा आहे, यंत्र आपल्याच खोलीत आहे, आणि तरीही हात लावायचा नाही, ही स्थिती त्यांना तांत्रिक अडचण वाटली नाही, अन्याय वाटला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी एक संपूर्ण मुक्त संगणक प्रणाली लिहिण्याच्या ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एमआयटीतली नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिलेल्या प्रोग्रॅमवर संस्थेला हक्क सांगता आला असता. ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था उभी राहिली.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आमच्या घरात पूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता. पितळी पातेले विकताना आमच्या आजोबांनी कोणालाही ‘कल्हई आमच्याच दुकानात लावावी लागेल’ अशी अट कधी घातली नाही, आणि घातली असती तर गिऱ्हाईक हसून पुढच्या दुकानात गेले असते. कल्हई लावता येणारी माणसे शंभरात एखादीच असतील, पण तो एक कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार बाकीच्या नव्व्याण्णवांकडे होता. मुक्त सॉफ्टवेअरची स्वातंत्र्ये चार मोजली जातात: कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, आत पाहून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती वाटण्याचे. यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. चालवण्याचे स्वातंत्र्य सर्वांत मूलभूत असूनही ते यादीत मागाहून आले, म्हणून त्याला शून्य क्रमांक देऊन सगळ्यांच्या पुढे बसवले. आपल्यासारख्या संस्थेला यांतले ‘बदलण्याचे’ स्वातंत्र्य स्वतःच्या हातांनी वापरायचे नाही. एक कारागीर गेला तर दुसऱ्याला बोलावता यावे यासाठी ते हवे आहे. आपला डोंगल नेमके तेच अडवतो आहे.

वाचनालयांसाठीच लिहिलेल्या ‘कोहा’ या प्रणालीची जन्मकथा आपल्या सभेत अवश्य सांगा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक प्रणाली वर्ष २००० उजाडताच कोलमडणार, हे १९९९ मध्ये त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कातिपो नावाच्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि त्याच वर्षी ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुली केली. कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. आज जगभरची ग्रंथालये ती वापरतात, आणि तिची सुरुवात आपल्यासारख्याच, मोडकळीला आलेल्या प्रोग्रॅमने त्रस्त झालेल्या एका गावाकडच्या वाचनालयात झाली.

सातपूरकर यांचे उत्तर

कल्हईचे उदाहरण सुंदर आहे, पण आज गावात कल्हईवाला शोधायला किती फिरावे लागते हेही तांबटआळी यांनी सांगायला हवे होते. सातपूरच्या एका लहान कारखान्यात मी १८ वर्षे हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे पाहतो. आम्ही मोठ्या उत्साहाने एक मुक्त प्रणाली बसवली. ज्याने ती बसवली तो मुलगा चांगल्या पगारावर बंगळुरूला गेला, आणि त्यानंतरच्या मार्चअखेरीस दुसरा माणूस मिळेपर्यंत आमचे जे हाल झाले ते मी विसरलेलो नाही. दुसऱ्या कारागिराकडे जाण्याचा अधिकार असणे आणि दुसरा कारागीर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परवाना पहिली देतो, दुसरी देत नाही.

कोहा लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालते, तिच्या मागे डेटाबेस असतो, आणि त्या सर्व्हरची देखभाल, रोजची बॅकअप प्रत व वेळच्या वेळी अद्ययावत करणे हे काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे लागते. त्यामुळे माझा सल्ला असा की परिरक्षण अनुदान असो वा देणगी, त्यातून देखभालीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचा ठराव आधी करा आणि सॉफ्टवेअर नंतर निवडा. आपले विश्वस्त जबाबदारीबद्दल जे बोलले ते अगदी बरोबर आहे. ‘मुक्त’ म्हणजे परवान्याचे पैसे वाचतात एवढेच ऐकून ज्या संस्था यात पडतात, त्या दोन वर्षांनी जुन्या वहीकडे परत जातात.

एक उपयोगाची गोष्ट मात्र लगेच करून बघा. १०-१२ वर्षांपूर्वी आपल्याकडच्या व्यावसायिकांनी लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत असत. त्या जुन्या संगणकावरचे प्रोग्रॅमचे फोल्डर उघडा आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘डीबीएफ’ आहे अशा फायली दिसल्या, तर त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फायलींना हात लावू नका. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन संचातल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये त्या प्रती थेट उघडतात, त्यासाठी डोंगल लागत नाही. प्रोग्रॅम कुलूपबंद असला तरी माहिती आपलीच आहे.

कार्यवाह_पंचवटी

सातपूरकर, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. काल संध्याकाळी आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि खरोखरच तशा ११ फायली मिळाल्या. सभासदांचे क्रमांक, तारखा, अनामतीच्या रकमा आणि दाखल क्रमांक सगळे स्वच्छ दिसते आहे. पण पुस्तकांची आणि लेखकांची नावे असलेल्या रकान्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे आणि टिंबे यांचा भाताचा गिजका झाला आहे. सुदैवाने दाखल नोंदवहीची २०१९ पर्यंतची छापील पाने बांधून ठेवलेली आहेत. १४,००० नावे पुन्हा टंकायची वेळ येईल का?

खिळेजुळवणी यांचे उत्तर

टंकायची वेळ येणार नाही. मी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करत असे आणि हा गिजका मी आयुष्यभर पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, पण आपल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत त्यानंतरही कितीतरी वर्षे प्रत्येक विक्रेत्याचा फॉण्ट वेगळ्या मांडणीचा असे. संगणकाच्या दृष्टीने फायलीत इंग्रजी ‘के’च असे, फॉण्ट फक्त त्या जागी ‘क’चा आकार काढून दाखवी. कोणत्या जागी कोणता आकार, ही सारणी ज्याची त्याच्याजवळ. फॉण्ट गेला की मजकूर गेला. स्टॉलमन यांच्या प्रिंटरची गोष्ट वाचताना मला हेच आठवले: आपण आपल्याच भाषेत लिहिलेले, आपल्याच संगणकावर, दुसऱ्याची परवानगी असेपर्यंतच वाचू शकत होतो.

आपल्याजवळ छापील नोंदवही आहे, म्हणजे सारणी परत तयार करता येते. दाखल क्रमांकावरून फायलीतली ओळ आणि छापील ओळ शेजारी ठेवा, २०० ओळींत जवळजवळ सगळे आकार येऊन जातात. दोन ठिकाणी सावध राहा. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते तशी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे: जुन्या फॉण्टमध्ये तो अक्षरावर बसवल्यावर, म्हणजे शेवटी येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त म्हणून सर्वांत आधी. केवळ आकाराला आकार बदलत गेलात तर ‘कविता’ आणि ‘सूर्य’ दोन्ही मोडतील. ज्या नोंदी फायलीत खराब झालेल्या असतील त्यांची छापील पाने स्कॅन करून टेसरॅक्टने वाचून घेता येतात. तो अक्षरओळख करणारा प्रोग्रॅमही मुक्तच आहे आणि त्याला मराठी येते. जुन्या छपाईवर तो चुका करतो, तेव्हा मुद्रितशोधन माणसानेच करायचे.

आता ‘स्रोतसंहितेचा आम्हाला काय उपयोग’ या आपल्या प्रश्नाचे माझ्या धंद्यातले उत्तर देतो. ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ‘र’ ही मराठीची खास गरज आहे. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन टंकलेला आहे. परिणाम असा की ग्रंथपालाने एका रीतीने नोंदवलेले पुस्तक वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर ‘असे पुस्तक नाही’ असे उत्तर येते, आणि पुस्तक तर समोरच्या कपाटात असते. हा दोष परदेशातल्या कोणत्याही विक्रेत्याला दिसणार नाही आणि दिसला तरी तो त्यासाठी वेळ काढणार नाही. कोहाच्या शोधयंत्रणेत कोणती अक्षरे एकसारखी मानायची याचे नियम लिहिता येतात. महाराष्ट्रातल्या एखाद्याने एकदा ते नीट लिहिले की लातूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचनालयांना ते तसेच उचलता येतील. सातपूरकरांचा मुलगा बंगळुरूला गेला हे खरे, पण त्याने लिहिलेले नियम त्याच्याबरोबर बंगळुरूला जात नाहीत.

गंगापूररोड यांचे उत्तर

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, म्हणून मी फक्त आपल्या दुसऱ्या सदस्यांच्या आक्षेपाबद्दल लिहिते. तो टाळू नये असे मला वाटते, कारण मुक्त सॉफ्टवेअरचे समर्थक तो बहुधा टाळतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये स्टॉलमन यांनी एमआयटीतले आपले पद आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षपद दोन्ही सोडले. जेफ्री एपस्टीन याच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक मार्विन मिन्स्की यांचे नाव आले होते, आणि त्यासंबंधी एमआयटीच्या एका ईमेल-यादीवर स्टॉलमन यांनी लिहिलेल्या मजकुरावर तीव्र टीका झाली होती. मार्च २०२१ मध्ये ते फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले असल्याचे त्यांनी जाहीर केले, तेव्हा त्यांच्या विरोधात आणि बाजूने अशी दोन जाहीर पत्रे निघाली आणि दोन्हींवर हजारो सह्या झाल्या. लिनक्सचा व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट कंपनीने फाउंडेशनला द्यायचा निधी थांबवला. ज्या जीसीसी या संकलकाची (स्रोतसंहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) पहिली आवृत्ती त्यांनी स्वतः १९८७ मध्ये प्रसिद्ध केली होती, त्याच्या सुकाणू समितीनेही आपल्या यादीतून त्यांचे नाव काढले. हे सगळे आपल्या सभेत जसे आहे तसे सांगावे. त्यांच्याविषयी आदर बाळगायचा की नाही हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. मला स्वतःला त्यांचा विचार पटतो आणि त्यांचे वागणे अनेकदा पटत नाही.

मात्र जीसीसीच्या त्या उदाहरणात आपल्या सदस्यांच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. संस्थापकाचे नाव समितीच्या यादीतून गेले आणि काम एक दिवसही थांबले नाही, कारण संस्थापकाने पूर्वीच ते स्वतःच्या हातात ठेवणे अशक्य करून टाकले होते. त्यांच्या सार्वजनिक परवान्याची युक्ती अशी की तो प्रताधिकार नाकारत नाही, प्रताधिकारच वापरतो: बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल, तर तिची स्रोतसंहिता आणि हीच मोकळीकही त्याला द्यावी लागेल. हे बंधन खुद्द लेखकालाही मागे घेता येत नाही, एकदा दिलेली प्रत दिलेलीच राहते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले. २००७ मध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा ती टॉरवाल्ड्स यांना मान्य नव्हती, म्हणून लिनक्स आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे. स्टॉलमन नाराज झाले असतील, पण ते काही करू शकत नव्हते.

१९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले, त्यामागेही उद्योगजगताला नैतिकतेची भाषा नको होती हेच मुख्य कारण होते. सातपूरकर ज्या व्यवहारी भूमिकेतून बोलतात ती त्या गटाच्या जवळची आहे, आणि रोजच्या कामात बहुतेक वेळा दोन्ही गट तेच प्रोग्रॅम वापरतात. फरक पडतो तो सोय आणि स्वातंत्र्य यांतले एक निवडायची वेळ येते तेव्हा. १२ वर्षांपूर्वी आपल्या वाचनालयावर ती वेळ आली होती, पण सभेपुढे तो प्रश्न त्या रूपात आलाच नाही. चांगला, स्वस्त आणि मराठीत चालणारा प्रोग्रॅम मिळत होता, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही तोच घेतला असता.

सातपूरकर

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. मी स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही, हिशेबाच्या बाजूने आहे. कार्यवाहांनी कोहाच निवडावी, पण करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आठवड्याला बॅकअपची एक प्रत संस्थेच्या कपाटात, व्यवस्थापकाचा पासवर्ड बंद पाकिटात विश्वस्तांकडे, आणि बसवणाऱ्याने केलेल्या प्रत्येक बदलाचे टिपण मराठीत. प्रोग्रॅम मुक्त आणि पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात, असे झाले तर आपण नवा डोंगलच विकत घेतला म्हणायचे.

कार्यवाह_पंचवटी

सर्वांचा ऋणी आहे. खिळेजुळवणी यांच्या सांगण्यावरून आमच्या तरुण सभासदाने ४० ओळींची सारणी करून पाहिली. ‘कुसुमाग्रज’ पहिल्याच फटक्यात बरोबर उमटले, ‘शिरवाडकर’ मात्र ‘वेलांटी आधी’च्या चुकीमुळे ‘िशरवाडकर’ झाले, आणि सभेत विषय बाजूला ठेवणारे आमचे विश्वस्त ते पाहून स्वतः चष्मा पुसून मुद्रितशोधनाला बसले आहेत. देखभालीच्या रकमेचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे आणि सातपूरकरांची तीन कलमे त्यात जशीच्या तशी उतरवली आहेत. नुक्त्याच्या ‘ऱ’चे नियम लिहिण्यासाठी कोणी मदत करणार असेल तर वाचनालय शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ उघडे असते आणि छापील नोंदवह्या टेबलावर काढून ठेवतो. जुन्या संगणकाला मात्र तूर्त कोणी धक्का लावू नये, डोंगल आज पुन्हा एकदा चालू झाला आहे.